एका कूपनचा शॉर्टेस्ट पाथ: कोड ठीक असूनही राँग आन्सर का?

प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या ज्या प्रश्नावर तुम्हाला वारंवार ‘राँग आन्सर’ (छुप्या टेस्टवर उत्तर चुकलं, असा निकाल) मिळतोय, त्याचा तुम्ही पाठवलेला कोड दोनदा नीट वाचला. प्रायॉरिटी क्यू (सर्वांत लहान आकडा आधी बाहेर देणारी रांग) बरोबर आहे, ॲरेची मापं बरोबर आहेत, इनपुटही नीट घेतलंय. ज्या ओळींत तुम्ही चूक शोधताय तिथे ती नाहीच. (मोठ्या आकड्यांची एक वेगळी, लहान चूक आहे, ती पुढे सांगतो.) कोड लिहायला बसण्याआधी तुम्ही एक गोष्ट मनात गृहीत धरलीत, घोळ तिथे आहे. ते गृहीतक कोडमध्ये कुठल्याच ओळीवर लिहिलेलं नाही, त्यामुळे कितीही प्रिंट टाकले तरी ते हाती लागायचं नाही.

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. एन शहरं, एम एकेरी रस्ते, प्रत्येक रस्त्याला टोल. पहिल्या शहरातून शेवटच्या शहरात जायचंय. हातात एकच कूपन आहे. वाटेतल्या कुठल्याही एका रस्त्यावर ते दिलं की तिथला टोल निम्मा होतो, आणि टोल विषम असेल तर खालचा पूर्णांक धरायचा, म्हणजे ७ चे ३. कमीत कमी खर्च किती? एन १ लाखापर्यंत, एम २ लाखांपर्यंत, टोल १ ते १०० कोटी.

पहिल्या खेपेला तुम्ही साधा डायक्स्ट्रा (सर्वांत कमी खर्चाचं शहर आधी पक्कं करत पुढे जाणारी, स्वस्त मार्ग शोधायची पद्धत) चालवून सर्वांत स्वस्त मार्ग काढलात (बरोबरीचे असतील तर ज्यात जास्त महाग रस्ता आहे तो) आणि त्यातल्या सर्वांत महाग रस्त्यावर कूपन लावलंत. राँग आन्सर. दुसऱ्या खेपेला प्रत्येक शहरापाशी ‘आतापर्यंतची बेरीज’ आणि ‘आतापर्यंतचा सर्वांत महाग टोल’ अशी एक जोडी ठेवली आणि कूपन वजा जाता जो खर्च उरतो त्यावर डायक्स्ट्रा चालवला. पुन्हा राँग आन्सर, पण वेगळ्या टेस्टवर. मग दोन्ही उत्तरांतलं लहान ते छापलंत. आता आधीपेक्षा बऱ्याच जास्त टेस्ट पास होतात, आणि तुमचा प्रश्न असा की उरलेली एज केस (सहसा नजरेतून निसटणारी टोकाची परिस्थिती) कोणती.

एज केस वगैरे काही नाही. तिन्ही युक्त्या मुळातून चुकीच्या आहेत. तिसरीने जास्त टेस्ट पास होतात, पण उत्तर जवळ आल्याचं हे लक्षण नव्हे. पहिल्या दोन्ही युक्त्या कुठल्या तरी खऱ्याखुऱ्या मार्गाचा खर्च छापतात, म्हणून त्यांचं उत्तर खऱ्या उत्तरापेक्षा लहान कधीच येत नाही. अशा दोन आकड्यांतला लहान घेतला तर तो दोघांपेक्षा वाईट असूच शकत नाही. तिसरी, चौथी अशीच युक्ती त्यात टाकलीत तर आणखी चार टेस्ट पास होतील आणि पाचव्या ठिकाणी अडकाल.

यातच निदानाची एक सोपी खूण आहे, फार कमी जण ती बघतात. किमान शोधायचं असताना तुमचं उत्तर नेहमी खऱ्यापेक्षा मोठंच येत असेल, तर काही पर्याय तुम्ही तपासलेच नाहीत किंवा मध्येच टाकून दिलेत. कधी खऱ्यापेक्षा लहान आलं, तर जे चालत नाही ते मोजलंय: कूपन दोनदा वापरलं, उलट दिशेच्या रस्त्याने गेलात, किंवा बेरीज ओव्हरफ्लो झाली (इंटिजरच्या मर्यादेबाहेर जाऊन भलताच आकडा झाली). चूक शोधायची दिशा या एका निरीक्षणावरून अर्धी ठरते. तुमचं प्रकरण पहिल्या जातीचं आहे. काहीतरी टाकून दिलं जातंय. काय, ते बघू.

पहिल्या युक्तीमागचा दावा असा: कूपनसकट सर्वांत स्वस्त मार्ग हा कूपनशिवायच्या सर्वांत स्वस्त मार्गांपैकीच एक असतो. हे सिद्ध करायला बसा. समजा कूपनशिवाय सर्वांत स्वस्त मार्ग प, आणि दुसरा एक मार्ग फ, जो प पेक्षा महाग आहे. कूपन लावल्यावरही फ हा प ला हरवू शकत नाही असं दाखवायचंय. फ मध्ये बचत होते ती त्यातल्या सर्वांत मोठ्या टोलच्या निम्मी. प मध्ये बचत होते ती प मधल्या सर्वांत मोठ्या टोलच्या निम्मी. फ मधला मोठा टोल प मधल्यापेक्षा खूपच मोठा असेल तर? मग फ ची बचत दोघांमधला फरक गिळून वर उरेल. इथे सिद्धता अडते. आणि ती जिथे अडते तिथेच उलट उदाहरण कसं बांधायचं तेही कळतं: प मध्ये छोटे छोटे रस्ते, फ मध्ये एकच मोठा. १ वरून २ ला ४, २ वरून ३ ला ४, आणि १ वरून थेट ३ ला १०. स्वस्त मार्ग ८ चा, त्यावर कूपन लावून ६. थेट रस्त्यावर कूपन लावलं तर ५. संपलं. तीन शहरं पुरली.

तुमची दुसरी युक्ती या उदाहरणात मात्र बरोबर ५ देते, म्हणूनच तुम्हाला वाटलं की आता सुटलं. याच ग्राफला (शहरं आणि रस्त्यांच्या जाळ्याला) एक रस्ता जोडा: ३ वरून ४ ला १००, आणि आता जायचंय ४ ला. शहर ३ पाशी तुमच्या प्रोग्रॅमसमोर दोन जोड्या येतात. थेट आलो तर बेरीज १०, कूपन धरून खर्च ५. शहर २ मार्गे आलो तर बेरीज ८, कूपन धरून खर्च ६. तुम्ही ५ ची जोडी ठेवता आणि ६ ची फेकून देता. पुढे १०० चा रस्ता येतो. आता कूपन अर्थातच तिथे वापरायला हवं, आणि मागची बेरीज पूर्ण भरायला हवी: १० अधिक ५० म्हणजे ६०. फेकलेल्या जोडीने हेच ८ अधिक ५० म्हणजे ५८ झालं असतं. गंमत अशी की इथे पहिली युक्ती ५८ हे बरोबर उत्तर देते. म्हणजे एक जिथे पडते तिथे दुसरी उभी राहते, आणि यातूनच तिसऱ्या युक्तीचा मोह झाला.

तिघींना एकदम पाडणारी टेस्ट हवी असेल तर ही घ्या. पहिल्या ओळीत शहरं आणि रस्ते, पुढे प्रत्येक ओळीत कुठून, कुठे, टोल:

५ ६
१ २ ४
१ ३ १०
२ ३ ४
३ ४ ४०
३ ५ १००
४ ५ ४०

पहिल्यापासून पाचव्यापर्यंत मार्ग चारच आहेत, हाताने मोजा. १-३-५ चे ११०, कूपन लावून ६०. १-२-३-५ चे १०८, कूपन लावून ५८. १-३-४-५ चे ९०, कूपनने ७०. १-२-३-४-५ चे ८८, कूपनने ६८. खरं उत्तर ५८. पहिली युक्ती ८८ चा मार्ग धरून ६८ छापते. दुसरी शहर ३ पाशी ८ ची बेरीज फेकते आणि ६० वर येते. दोघींतलं लहान ६०. ही टेस्ट फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे जे काही लिहाल ते आधी हिच्यावरून चालवा.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्या युक्तीत डायक्स्ट्राची अट मोडलेली नाही, हे लक्षात घ्या. पुष्कळ जण लगेच म्हणतील की निगेटिव्ह एज (ग्राफमधला ऋण खर्चाचा रस्ता; एज म्हणजे रस्ता) आली असेल. नाही. कूपन धरून येणारा खर्च रस्ता वाढला की वाढतो किंवा तेवढाच राहतो, घटत कधीच नाही. नवा रस्ता आधीच्या महागापेक्षा स्वस्त असेल तर पूर्ण टोल वाढतो. महाग असेल तर मागची बेरीज पूर्ण भरून नव्याचा निम्मा, आणि तोही आधीच्या खर्चापेक्षा कमी नसतो. मोडलंय ते दुसरंच. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राने १९५९ मध्ये जे तीन पानी टिपण छापलं, त्यातली पद्धत एका शहरापाशी एकच आकडा ठेवून बाकीचे फेकू शकते, कारण साध्या शॉर्टेस्ट पाथमध्ये इथून पुढचा खर्च तुम्ही इथे कसे आलात यावर अवलंबून नसतो. गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात डायनॅमिक प्रोग्रॅमिंगसाठी (मोठा प्रश्न छोट्या प्रश्नांत मोडून सोडवायची पद्धत) इष्टतमतेचं जे तत्त्व मांडलं, त्याचाही आधार हाच. तुमच्या प्रश्नात पुढचा खर्च मागच्या वाटेवर अवलंबून आहे: कूपन अजून हातात आहे की गेलं? शहर ३ पाशी ‘बेरीज १०, कूपनसकट ५’ आणि ‘बेरीज ८, कूपनसकट ६’ यांत कोण चांगलं याला उत्तरच नाही. पुढे छोटे रस्ते असतील तर पहिलं, मोठा असेल तर दुसरं. ज्या दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही त्यांची तुलना करून तुम्ही एक फेकली.

म्हणून दोन्ही ठेवा. प्रत्येक शहराची दोन रूपं करा: कूपन शिल्लक असलेलं आणि कूपन वापरून झालेलं. रस्ता क पासून ख पर्यंत टोल ट असेल तर तीन एज होतात. शिल्लक-क वरून शिल्लक-ख ला ट. शिल्लक-क वरून वापरलं-ख ला ट चा निम्मा, खालचा पूर्णांक. वापरलं-क वरून वापरलं-ख ला ट. वापरलं कडून शिल्लक कडे परत येणारी एज नाही, म्हणून कूपन दोनदा वापरलं जाण्याची भीतीच नाही. या नव्या ग्राफवर साधा डायक्स्ट्रा चालवा आणि वापरलं-एन चं अंतर छापा. जास्तीत जास्त २ लाख नोड (शहरांची रूपं) आणि ६ लाख एज होतील, त्याचं काहीच ओझं नाही.

वरच्या टेस्टवर हे हाताने करून बघा. शिल्लक बाजूची अंतरं क्रमाने ०, ४, ८, ४८, ८८. वापरलं बाजूची शहर २ पासून २, ५, २८, ५८. शहर ३ पाशी आता ८ आणि ५ दोन्ही जिवंत आहेत. ५८ आलं ते ८ मधून. ५ मधून आलं असतं तर १०५.

दोन थर (शिल्लक आणि वापरलं) लिहिताना एक खड्डा जवळजवळ सगळ्यांना लागतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. जुन्या कोडमधला ‘हे शहर झालं’ अशी खूण ठेवणारा ॲरे तसाच राहतो, शहरावर एकच खूण. कंपाइल होतं, प्रश्नासोबत दिलेलं सॅम्पलही बरेचदा पास होतं. पण टोल किमान १ असल्याने पहिलं शहर सोडून प्रत्येक शहराचं वापरलं रूप शिल्लक रूपाच्या आधी क्यूमधून बाहेर पडतं, आणि खूण एकच असल्याने मागून येणारं शिल्लक रूप कायमचं अडवलं जातं. परिणाम काय? शिल्लक बाजू पहिल्या शहराच्या पुढे सरकतच नाही. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम नकळत ‘कूपन नेहमी पहिल्याच रस्त्यावर वापरा’ हा वेगळाच प्रश्न सोडवू लागतो. वरच्या टेस्टवर त्याचं उत्तर ८५ येतं: १ वरून ३ ला निम्म्याने ५, मग ४० आणि ४०. कोणाच्या कोडला ५८ ऐवजी ८५ आलं की बाकी काही न बघता मी आधी तो ॲरे बघतो. खूण शहराला नको, शहर आणि थर या जोडीला हवी.

खरं तर खुणेची गरजच नाही. क्यूमधून निघालेलं अंतर त्या नोडच्या नोंदवलेल्या अंतरापेक्षा मोठं असेल तर ती नोंद शिळी आहे, सोडून द्या. हा एका ओळीचा तपास विसरलात तर उत्तर चुकत नाही, पण काही खास बांधलेल्या ग्राफवर टाइम लिमिट ओलांडली जाते.

निम्मा करण्याबद्दल: तुमच्याकडे ते बरोबर आहे, तरी सांगतो. ‘बेरीज वजा टोल भागिले दोन’ असं लिहिणाऱ्यांचे विषम टोल चुकतात, कारण ७ मधून ३ गेले की ४ उरतात आणि हवे असतात ३. थर पद्धतीत थेट भागाकारच एजवर बसतो, त्यामुळे ही भानगड येत नाही.

मोठ्या आकड्यांचं एकदा तपासा. वाटेत जवळपास १ लाख रस्ते, प्रत्येकी १०० कोटी, म्हणजे बेरीज १ वर चौदा शून्यांपर्यंत जाते. ३२-बिट इंटिजरची वरची मर्यादा २१४ कोटींच्या आसपास संपते, तेव्हा अंतरं ६४-बिटमध्येच हवीत. हे तुम्ही केलंयत. पण अनंतासाठी (‘या शहरी अजून पोचलो नाही’ हे दाखवणारं सुरुवातीचं अंतर) १०० कोटी हा आकडा ठेवलाय, तो लहान पडतो. प्रकार ६४-बिट असून उपयोग नाही, कारण ज्या शहराचं खरं अंतर १०० कोटींच्या वर आहे त्याचं अंतर कधी सुधारतच नाही. याची खूण ओळखायला सोपी असते: मोठ्या टेस्टवर उत्तर म्हणून नेमके १०० कोटी छापले जातात. तुमच्या तिन्ही सबमिशनमध्ये हे आहे, आणि कल्पना दुरुस्त केल्यावर याच कारणाने पुन्हा राँग आन्सर आलं असतं. अनंतासाठी १ वर अठरा शून्यं घ्या. ६४-बिटची अगदी शेवटची संख्या घेऊ नका. तिच्यात चुकून काही मिळवलं की ती ऋण होते आणि किमान शोधणारा कोड आनंदाने तीच उचलतो.

आता ही टेस्ट मी बसून बनवली, कारण सिद्धता कुठे अडते ते दिसत होतं. ते नेहमीच दिसत नाही. तेव्हा यंत्राकडून काढून घ्यायची. तीन छोटे प्रोग्रॅम लागतात: संशयित (म्हणजे तुमचा), ब्रूट फोर्स (सगळे पर्याय एकेक करून मोजणारा) आणि टेस्ट बनवणारा. एका लूपमध्ये टेस्ट बनवा, दोघांना द्या, उत्तरं वेगळी आली की थांबा.

ब्रूट फोर्स मठ्ठ असला पाहिजे. रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावत) पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचे सगळे मार्ग काढा, एका मार्गात शहर पुन्हा येऊ न देता, आणि प्रत्येक मार्गावर एकेका रस्त्याला कूपन लावून बघा. ‘सर्वांत महाग रस्त्यालाच लावावं’ हे खरं असलं तरी ते शहाणपण इथे आणू नका. जी गोष्ट तपासायची तीच दोन्हीकडे गृहीत धरली तर दोघेही सारखेच चुकतील आणि लूप रात्रभर गप्प चालत राहील. शहर पुन्हा येऊ न देण्याला मात्र आधार आहे: फेरा काढून टाकला तर खर्च वाढत नाही, आणि कूपन त्या फेऱ्यातच वापरलं असेल तर ते उरलेल्या वाटेसाठी मोकळं होतं. वेळेची काळजी नको. सहा शहरांत प्रत्येकातून प्रत्येकाकडे रस्ता असला तरी पहिल्यापासून सहाव्यापर्यंत असे मार्ग ६५ च भरतात. दहा शहरांत मात्र तेच १,०९,६०१ होतात, म्हणून पाच-सहावरच थांबा. चुकीची कल्पना पडायला बहुधा तेवढी शहरं पुरतात.

टेस्ट बनवणाऱ्याकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि स्ट्रेस टेस्ट (अशी लूपमधली तपासणी) करूनही काही सापडलं नाही असं म्हणणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. अगदी रँडम रस्ते टाकले तर कित्येकदा शेवटच्या शहरी पोचताच येत नाही, दोन्ही प्रोग्रॅम ‘मार्ग नाही’ म्हणतात आणि टेस्ट पास धरली जाते. म्हणून आधी १-२-३ अशी शेवटपर्यंतची साखळी टाका, मग वर रँडम रस्ते. दुसरं, रँडमचं सीड (रँडम आकडे कुठून सुरू व्हायचे ते ठरवणारी संख्या) घड्याळाच्या सेकंदावरून घेतलंत तर एका सेकंदात धावलेल्या सगळ्या फेऱ्या तीच टेस्ट बनवतात. लूपचा आकडाच सीड म्हणून द्या. पडलेली टेस्ट पुन्हा हवी तेव्हा मिळते, हा वरचा फायदा.

तिसरं म्हणजे टोलची व्याप्ती, आणि ही गोष्ट तुमच्या प्रश्नात फार सुंदर दिसते. टेस्ट छोटी हवी म्हणून टोल १ ते ४ मध्ये ठेवलेत, तर तुमची पहिली युक्ती कितीही लाख टेस्ट चालवल्या तरी पडणार नाही. का? १, २, ३, ४ वर कूपनची बचत अनुक्रमे १, १, २, २. म्हणजे कुठल्याही दोन मार्गांच्या बचतीत फरक जास्तीत जास्त १. आणि एक मार्ग दुसऱ्यापेक्षा महाग असेल तर किमान १ ने तरी महाग असतोच. फार तर बरोबरी होईल, मात नाही. टोल ५ पर्यंत नेले की लगेच पडते: २ आणि २ विरुद्ध थेट ५. पहिली म्हणते ३, खरं उत्तर २. म्हणून शहरं कमी ठेवा पण टोल एकाच मापाचे ठेवू नका. कधी १ ते ५, कधी १ ते २०, कधी निम्मे रस्ते लहान आणि निम्मे फार मोठे, अशी सरमिसळ करा.

पडलेली टेस्ट सापडली की ती वाचायला घेण्याआधी बारीक करा. एकेक रस्ता काढून बघा, तरीही उत्तरं वेगळी येत असतील तर तो बाहेर. मग टोल कमी करत चला. सहा शहरं आणि बारा रस्ते डोळ्याने वाचून काही समजत नाही. तीन शहरं आणि तीन रस्ते उरले की कल्पना का चुकली ते समोर दिसतं.

दोन थरांचं उत्तर मोठ्या टेस्टवर तपासायला ब्रूट फोर्स चालणार नाही. तिथे दुसरी पद्धत वापरा: पहिल्या शहरापासून सगळ्यांची अंतरं एका डायक्स्ट्राने काढा, रस्ते उलटे करून शेवटच्या शहरापासूनची दुसऱ्याने, आणि मग प्रत्येक रस्त्यासाठी ‘सुरुवातीपासून क पर्यंत, अधिक निम्मा टोल, अधिक ख पासून शेवटपर्यंत’ याचं किमान घ्या. कूपन कुठल्या तरी एका रस्त्यावरच जाणार, आणि तो रस्ता ठरला की आधीचा आणि नंतरचा भाग एकमेकांपासून सुटे होतात, सिद्धता एवढीच. वरच्या टेस्टमध्ये ३ वरून ५ चा रस्ता ८ अधिक ५० अधिक ० असा ५८ देतो, बाकी सगळे त्याहून जास्त. अनंत फार मोठा घेतला तर इथेच दोन अनंतांची बेरीज ओव्हरफ्लो होते, हे मघाशी म्हणालो ते यासाठी. या पद्धतीने थेट सबमिट केलंत तरी चालेल. मी स्वतः दोन थर पसंत करतो, कारण कूपन दोन झाली की ही पद्धत अडते आणि थर मात्र तीन करून भागतं. के कूपन असतील तर के अधिक एक थर. दहा कूपनला ११ लाख नोड आणि ४२ लाख एज, अजूनही आवाक्यात.

स्पर्धा चालू असताना हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आयसीपीसीसारख्या (विद्यापीठांच्या संघांची आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा) स्पर्धेत तिघांना एकच संगणक असतो, पाच तास असतात, आणि सुटलेल्या प्रश्नावरच्या प्रत्येक नाकारलेल्या सबमिशनला २० मिनिटांचा दंड बसतो. ब्रूट फोर्स आणि टेस्ट बनवणारा मिळून हात बसलेला माणूस त्याहून कमी वेळात लिहितो. त्याहीपेक्षा स्वस्त म्हणजे कोडचा प्रिंट घेऊन संगणक दुसऱ्याला देणं आणि कागदावर सिद्धता मांडायला बसणं. सिद्धता पुरी करायचीच असं नाही. ती कुठे अडते एवढं कळलं तरी टेस्ट मिळते. पहिलं राँग आन्सर आलं की लगेच कोडमध्ये प्लस-वन मायनस-वन करून पुन्हा सबमिट करणं हे मात्र सर्वांत महाग पडतं.

एक इशारा देतो, कारण थर करायची सवय लागली की लोक ते कुठेही लावतात. इथे थर चालतात ते प्रश्न किमान मागतो आणि कूपन कुठे लावायचं ते आपल्या हातात आहे म्हणून. समजा प्रश्न बदलून असा आला: खर्च म्हणजे मार्गातली बेरीज वजा त्या मार्गातला सर्वांत महाग टोल. तरी थर चालतील. कुठलाही एक टोल वजा करायची मोकळीक दिली तर किमान शोधणारा अल्गोरिदम आपणहून सर्वांत महागच निवडेल. पण ‘बेरीज अधिक सर्वांत महाग टोल’ असा खर्च असेल, तर कुठलाही एक टोल मिळवायची मोकळीक दिल्यावर तो लबाडी करून सर्वांत स्वस्त टोल मिळवेल आणि उत्तर खऱ्यापेक्षा लहान येईल. तिथे महागाची मर्यादा आधी ठरवून घ्यावी लागते: प्रत्येक वेगळ्या टोलसाठी त्याहून मोठे रस्ते काढून टाकायचे, उरलेल्यांवर डायक्स्ट्रा चालवायचा, आलेल्या बेरजेत ती मर्यादा मिळवायची आणि सगळ्यांतलं किमान घ्यायचं. २ लाख वेगवेगळे टोल असतील तर हे वेळेत बसत नाही, त्यामुळे अशा प्रश्नात एन आणि एम ची मर्यादा किती दिलीय ते आधी बघा.